गुरुवारपर्यंत

ताई गेली तेव्हा मी तिच्या खोलीतच होते, त्यामुळे बातमी मला कुणी सांगावी लागली नाही. ती कुणाला आणि कधी सांगायची, हे ठरवणं मात्र माझ्याकडे होतं. आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे थांबले, लोकांनी आणून दिलेले डबे धुऊन परत गेले, आणि ताईबद्दल काही लिहायला बसलं की दरवेळी एकच गोष्ट समोर येते... आम्ही दोघी बहिणींनी मिळून तिच्या मुलीशी काय केलं ती. ताईचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत. हे माझ्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही, म्हणून मी हे सांगते.

ताई म्हणजे नीलिमा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही अकोल्याच्या. लग्न होऊन ती मिनेसोटात ईडन प्रेरीला आली आणि एकतीस वर्षं तिथल्या एकाच घरात राहिली. तिच्या मागोमाग दहा वर्षांनी मी आले आणि नवऱ्याच्या नोकरीपायी पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूला स्थिरावले. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ताई तयार यंत्रं तपासायची. पास किंवा नापास, दोनच शेरे. घरीही तेच चालायचं. शेजारणीचे नवे पडदे पास, माझा पहिला उंधियू नापास, श्रीकांतची म्हणजे माझ्या नवऱ्याची दाढी कायमची नापास. भारतातून नव्याने आलेल्या कितीतरी मुलींना तिने बर्फात गाडी चालवायला शिकवलं. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये नेऊन मुद्दाम ब्रेक दाबायला लावायची, गाडी गरकन फिरायची, शिकणारी किंचाळायची आणि ही शेजारी शेंगदाणे खात बसायची. "घसरली ना? कळलं ना कसं वाटतं? आता पुन्हा." संकट आधी दाखवून टाकावं, म्हणजे माणूस सावरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. परक्यांच्या मुलींच्या बाबतीत.

पण घरच्या मुलांच्या परीक्षा आल्या की आमच्या घरात वेगळे कायदे लागू व्हायचे. ताईच्या बारावीच्या परीक्षेत आमचे आजोबा गेले. तिचे तीन पेपर बाकी होते. आईने तिला त्याच पहाटे गावाच्या दुसऱ्या टोकाला मामाकडे पाठवून दिलं, घरी पाहुणे येणार आहेत, अभ्यास होणार नाही म्हणून. सहा दिवस ती तिथे राहिली. रोज दुपारी मामाच्या सायकलवर बसून मी तिचा डबा घेऊन जायचे. ती पुस्तकातून डोकं वर न काढता विचारायची, "आजोबा कसे आहेत गं?" आणि मी आईने पढवल्याप्रमाणे म्हणायचे, "ठीक आहेत." शेवटच्या पेपरनंतर तिला सांगितलं. ती दोन दिवस रडली, नंतर तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, आणि पुढे आयुष्यभर तिने हा किस्सा अभिमानाने सांगितला. "आईचं शहाणपण म्हणून मी इथवर आले. आणि ही मनी, एवढीशी होती, पण एक शब्द फुटू दिला नाही हिने!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

सहा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, भावोजी ड्राइव्हवेवरचं बर्फ काढताना कोसळले. तीन दिवस आयसीयूत होते. त्यांची एकुलती एक मुलगी सायली तेव्हा कॅलिफोर्नियात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या परीक्षा चालू होत्या. ताईने तिला फोनवर सांगितलं की बाबांना फ्लू झालाय, घसा बसलाय, बोलता येत नाही. तिच्या शेवटच्या पेपरच्या सकाळी भावोजी गेले. ठरल्याप्रमाणे सायली दुसऱ्या दिवशी सुट्टीला घरी आली. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात धुवायच्या कपड्यांची पिशवी. दार मी उघडलं. दाराशी तीस-चाळीस बूट आणि चपला पडलेल्या बघून ती हसली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ओ माय गॉड, मावशी, सरप्राइझ पार्टी? माझ्यासाठी?"

त्यानंतर दोन वर्षं ती घरी आली नाही. अंत्यसंस्कार संपल्यावर बापाचीच गाडी काढून ती एअरपोर्टला गेली, गाडी तिथे सोडली आणि किल्ली पोस्टाने पाठवली. हळूहळू फोन सुरू झाले. आधी महिन्याने, मग आठवड्याने. शेवटी ती आली, तेव्हा आईसमोर बसून तिने एकच गोष्ट मागितली. पुन्हा कधीही, कुठल्याही कारणासाठी, माझ्यापासून असं काही लपवायचं नाही. ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. मी तिथेच स्वयंपाकघरात होते, माझ्या कानांनी ऐकलं.

गेल्या ऑक्टोबरात ताईचा फोन आला. "मने, कागद घे. लिहून घे." मी घेतला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशन शक्य नाही, केमो घेतली तर साधारण वर्षभर. किराणा सांगावा तसं तिने सांगितलं. मी विचारलं, "सायलीला?"

"तेच म्हणतेय. फोनवर नाही सांगणार, समोर बसून सांगणार. वचन दिलंय. केमोच्या आधी एक वीकएंड तुझ्याकडे येते, तिलाही बोलावते. तू फक्त जागा बघ. अशी, की ती चिडून गाडी काढून निघून जाऊ शकणार नाही."

अशी जागा म्हणजे बेट. आमच्याकडून उत्तरेला दीड-दोन तास गाडीने गेलं की फेरीबोट लागते, आणि गाडीसकट फेरीत चढून तासाभराने ज्या बेटांवर उतरता येतं, त्यांतलं एक मी निवडलं. नोव्हेंबरात तिथे कुणी चिटपाखरूही जात नाही. फेरी दिवसातून मोजून तीनदा. घर समुद्राच्या अगदी कडेला, खाली काळे खडक, वाकडी झालेली झाडं, आणि असा वारा की दार उघडायला दोघांनी जोर लावावा. मी कुकर, डाळ-तांदूळ, ताईला पचेल असं मुगाचं पीठ, हीटर आणि तीन जादा पांघरुणं भरली. श्रीकांतला कामं वाटून दिली. शनिवारी जेवणानंतर तो आणि मी दीपगृहापर्यंत चालत जाऊन दोन तास तिकडेच काढणार होतो, म्हणजे मायलेकी घरात एकट्या. सगळं ठरलेलं होतं. माझं सगळं नेहमी ठरलेलं असतं.

शुक्रवारी एअरपोर्टवर सायलीने आईला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "आई, यू लुक अमेझिंग! किती बारीक झालीस!"

"रात्रीचं जेवण सोडलंय," ताई म्हणाली. ते खरंच होतं.

फेरीत गाडी लावून आम्ही वर गेलो. बाहेर उभं राहवत नव्हतं, म्हणून काचेआड बसलो. सायली त्यावेळी भूगर्भशास्त्रात पीएचडी करत होती, शेवटचा टप्पा होता. चहाचा कप हातात धरून ती म्हणाली, "ओके, न्यूज आहे. डेट मिळाली!"

"कोण मुलगा?" ताईने विचारलं.

"आई! थीसिस डिफेन्सची डेट. डिसेंबरचा सेकंड थर्सडे."

"म्हणजे परीक्षा."

"इट्स नॉट ॲन एक्झाम."

"पाच जण समोर बसून प्रश्न विचारणार, आणि शेवटी पास की नापास सांगणार. मग काय गं ते? हळदीकुंकू?"

सायली खो खो हसली. श्रीकांत हसला. ताईही हसली, आणि हसता हसता तिने माझ्याकडे बघितलं. मला त्याच क्षणी कळलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मामाच्या घरी डबा घेऊन पोहोचले तेव्हा मामीने आणि मी एकमेकींकडे जसं बघितलं होतं, तशी ती नजर होती.

शनिवारी सकाळी सायलीने आम्हाला खडकांवर नेलं. ऊन होतं, पण त्याचा उपयोग शून्य. ताईने माझं सर्वांत जाड जाकीट घातलं होतं आणि त्यात ती एखाद्या लहान मुलीसारखी दिसत होती. सायली गुडघ्यांवर बसून एका खडकावरच्या लांब, सरळ, समांतर रेघा दाखवत होती. हजारो वर्षांपूर्वी इथून बर्फाचा प्रचंड थर सरकत गेला, त्याच्या पोटात अडकलेल्या दगडांनी या रेघा ओढल्या, रेघ बघून बर्फ कुठून कुठे गेला ते सांगता येतं. त्यावरच तिचं काम होतं. ताईने तोवर तिला कधी कामाबद्दल धड विचारलंच नव्हतं. लोकांनी विचारलं की म्हणायची, "दगड मोजते." त्या दिवशी मात्र तिने प्रश्नांवर प्रश्न विचारले. बर्फ एवढा जड कसा, दगड कुठले, उलट्या दिशेने गेला नसेल कशावरून. सायली आधी चकित झाली, मग खुलली, मग थांबेचना. मध्येच ताई एका ओंडक्यावर बसली. सायलीला वाटलं थंडीने. तिने आपली लोकरीची टोपी काढून आईच्या डोक्यावर घातली, कानांवर ओढली आणि विचारलं, "सो? दगड पास की नापास?"

"दगड पास," ताई म्हणाली. "वारा नापास."

जेवण झालं. ताईने दोन चमचे भात ताटात इकडून तिकडे फिरवला. सायली अंघोळीला गेली, श्रीकांतने आणि मी बूट घातले, आणि ताई मागून येऊन म्हणाली, "तुम्ही जाऊ नका." मी तिला हाताला धरून वॉशिंग मशीनच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"ताई, काय ठरलं होतं आपलं?"

"डिफेन्स होऊ दे."

"चार आठवडे आहेत त्याला!"

"चारच. डॉक्टर वर्ष म्हणालेत. आत्ता सांगितलं तर ती सगळं टाकून ईडन प्रेरीला येऊन बसेल. पाच वर्षं घातलीयेत तिने त्या दगडांत, मने. बघितलंस ना सकाळी कशी बोलत होती?"

"तू वचन दिलंयस तिला. आणि भावोजींच्या वेळी हेच केलंस, आठवतंय ना काय झालं?"

"आठवतंय. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली."

आता मागे वळून बघताना वाटतं, मी तेव्हा दार उघडून सरळ ओरडून सांगायला हवं होतं. पण मी तसं केलं नाही, आणि भीतीने केलं नाही असंही नाही. मला तिचं म्हणणं पटलं. बारा महिन्यांतले चार आठवडे गेले तर काय बिघडतं, असा सरळ विचार मी केला. व्यवहारी म्हणून मला सगळे ओळखतात, ते उगीच नाही. मी बूट काढले आणि चहा टाकला.

रविवारी दुपारच्या फेरीने निघायचं होतं. सकाळपासून वारा इतका वाढला की फेऱ्या रद्द झाल्या, सोमवार सकाळपर्यंत. म्हणजे आणखी एक दिवस आम्हाला फुकट मिळाला. याहून अधिक कुणी काय द्यायचं? सायली आधी वैतागली, सोमवारी तिची मीटिंग होती. मग म्हणाली, "फाइन. तुम्ही माझी कमिटी व्हा. मी टॉक प्रॅक्टिस करते." तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला. आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने बसलो. श्रीकांतने मुद्दाम चष्मा नाकावर आणून "यू मे बिगिन" म्हटलं. तिने चाळीस मिनिटं भाषण केलं. त्यातलं मला फार तर चौथा हिस्सा कळलं असेल, पण ती बोलताना हुबेहूब भावोजींसारखे हात हलवते, हे मला तेव्हा प्रथमच दिसलं. शेवटी ताईने हात वर करून प्रश्न विचारला. "या रेघा पुसल्या जातात का? म्हणजे, तुम्ही उशिरा पोहोचलात तर?"

"ग्रेट क्वेश्चन," सायली म्हणाली. "जातात. हवा, पाणी, शेवाळं. म्हणून वेळेवर जाऊन नोंद करावी लागते."

ताईने मान डोलावली आणि उठून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ आली नाही. पाणी सोडल्याचा आवाज येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा सायली दाराशी उभी होती.

"आई, तू ठीक आहेस ना? काल पण तू काही खाल्लं नाहीस."

"ॲसिडिटी गं."

सायली हलली नाही. तिने आईकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच जाकिटाशिवाय, आणि मग माझ्याकडे वळली. "मनूमावशी? ॲसिडिटी आहे?"

हा तो क्षण. सरळ मला विचारलेला, मराठीत विचारलेला प्रश्न. ताई दाराची चौकट धरून उभी होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती, एवढी तिला माझी खात्री होती.

"ॲसिडिटीच," मी म्हटलं. "आमटीत माझ्या हातून मसाला जास्त पडला काल."

त्या आमटीत मसाला नव्हताच. जिरं आणि मीठ, बस.

सोमवारी एअरपोर्टवर सायलीने मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली की इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई आणि ती नीट बोलल्या. "थँक यू फॉर द आयलंड, मावशी."

केमो सुरू झाली तशी मी ईडन प्रेरीला जाऊन राहिले. सायलीला सांगितलं, ताईकडचं सामान आवरायला मदत करतेय. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर ताईच्या रक्तात संसर्ग पसरला. सोमवारी ताप, मंगळवारी हॉस्पिटल. डॉक्टर वर्ष म्हणाले होते, त्यांचं चुकलं असं नाही, अशी वर्षं सरासरीने सांगतात. बुधवारी दुपारी ती शेवटची शुद्धीत होती. ओठ कोरडे पडले होते. मी कापसाने पाणी लावत होते. तिने विचारलं, "वार?"

"बुधवार. ताई, मी आत्ता फोन करते तिला. ती आत्ता निघाली तर सकाळपर्यंत..."

"गुरुवारपर्यंत थांब," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "पेपर होऊ दे."

पेपर म्हणाली ती. डिफेन्स नाही.

संध्याकाळी तिला व्हेंटिलेटर लावला. माझ्या मांडीवर तिचा फोन होता, तो वाजला. सायलीचा मेसेज. 'आई, खूप नर्व्हस वाटतंय. उद्या काय होईल?' मी तो तीनदा वाचला. मग ताईच्या फोनवरून, ताई लिहील तसं, मी लिहिलं. 'दूध पी आणि झोप. सगळं ठीक आहे. तू पास आहेस.' तिने एक हृदय पाठवलं.

गुरुवारी दुपारी अडीचनंतर ताईचा फोन खणखणायला लागला. मी उचलला. "आई! झालं! आय डिड इट! डॉक्टर सायली बोलतेय!" मागे टाळ्या, बाटल्या उघडल्याचे आवाज. मी म्हटलं, "सायली, मी मनूमावशी." आणि तिच्याकडचे सगळे आवाज हळूहळू लांब गेले, म्हणजे ती चालत दुसऱ्या खोलीत गेली असावी. तिने काही विचारलं नाही. ताईच्या फोनवर मी आहे, एवढंच तिला पुरलं. ही मुलगी यातून एकदा गेलेली होती.

शुक्रवारी सकाळी ती पोहोचली. ताई होती, म्हणजे यंत्राने श्वास चालू होता. सायलीने कोट न काढता खुर्ची ओढली, आईचा हात धरला आणि इंग्रजीत, हळू आवाजात, आदल्या दिवशीचा सगळा वृत्तान्त सांगितला. कुणी काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं. बेटावर आईने विचारलेला प्रश्न कमिटीतल्या एकाने जसाच्या तसा विचारला, हेही सांगितलं. ताईच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटलं नाही. ऐकू जात असेल, असं नर्स म्हणाली. नर्सना तसं म्हणावंच लागतं.

दुपारी सायली माझ्याकडे वळली. "बेटावर तुला माहीत होतं?"

"हो."

"बुधवारचा मेसेज कुणी लिहिला?"

मी खोटं बोलू शकले असते. तेवढं एक तरी केलं नाही. "मी."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. मग इंग्रजीत म्हणाली, त्याचं मराठी असं, "दोन दिवस तुम्ही मला दगडांबद्दल बोलू दिलंत." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. संध्याकाळी साडेपाचला ताई गेली. अंत्यसंस्कार मंगळवारी झाले. सगळं सायलीने एकटीने बघितलं, कुणाला हात लावू दिला नाही. अस्थी ती घेऊन गेली. कुठे विसर्जन केलं, केलं की नाही, मला माहीत नाही. मी पाठवलेले मेसेज तिने वाचल्याचं दिसतं. उत्तर येत नाही. येईल असं मला वाटत नाही, आणि काळ जाऊ दे, असं मला कुणी सांगू नये. काळ जाऊ द्यायच्या या खेळातच सगळं गेलं.

एवढ्यावर मी थांबू शकले असते. पण अजून एक सांगायचं राहिलं. आमचा मुलगा ओंकार पूर्वेकडे कॉलेजात आहे. बेटावर तो नव्हता. ताईवर त्याचा फार जीव. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तो तिच्याकडेच काढायचा. ताई गेली त्या शुक्रवारी त्याच्या फायनल्स चालू होत्या, पुढच्या गुरुवारी संपणार होत्या. मी त्याला सांगितलं नाही. सायलीने मला जे विचारलं ते ऐकून झाल्यावर, त्याच संध्याकाळी, त्याच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून मी त्याच्याशी बोलले आणि "नीलूमावशी कशी आहे?" या प्रश्नाला "झोपलीये" असं उत्तर दिलं. ठरवून नाही दिलं. तोंडातून आलं, शिंक यावी तसं.

सहा दिवसांनी, पेपर संपल्यावर, मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "फ्युनरल?"

"झालं. मंगळवारी."

"ओके. बाबा कुठे आहे?"

"किचनमध्ये."

"दाखव."

मी म्हटलं, "अरे, ठीक आहे बाबा, भांडी लावतोय." तो म्हणाला, "आई, कॅमेरा ऑन कर आणि दाखव." मी दाखवलं. श्रीकांत हातात ओलं पातेलं घेऊन वळला. "वॉक करून दाखव," ओंकार म्हणाला. श्रीकांतने माझ्याकडे बघितलं, पातेलं ठेवलं आणि सिंकपासून दारापर्यंत चालत जाऊन परत आला.

आता दर रविवारी हे होतं. कसे आहात, हा प्रश्न त्याने सोडून दिलाय. फोन लागला की "दाखव" म्हणतो. आधी बाबा, मग मी, आम्ही आळीपाळीने चालून दाखवतो. ताईचं घर विकायला काढलंय, तिचे कपडे सायलीने देऊन टाकले, माझ्याकडे आठवण म्हणून तिचं काही नाही. मला लागतही नाही. काल श्रीकांतला थोडा ताप होता, नाक लाल झालं होतं. साधी सर्दी. अकरा वाजत आले होते, फोन यायची वेळ झाली होती. मी त्याला म्हटलं, "नाक पूस, स्वेटर काढ, आणि खोकू नकोस."

तो बघतच राहिला.

"मंगळवारी मिडटर्म आहे त्याची," मी म्हटलं.